रुईच्या भावकीतलं

प्रसेनजीत कुरणे नाशिकचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग उरकून कोल्हापुरात परत आला, तेव्हा जिन्यातच त्याच्या नाकात वास शिरला. उंदीर मरून दोन-तीन दिवस झाले की सुटतो, तसला. त्यानं नाकाला रुमाल लावला, बॅग सावरत दोन जिने चढला आणि बेल वाजवली. त्याच्या बायकोनं, दीप्तीनं, दार उघडलं, पण ती नेहमीसारखी हसली नाही.

"कसला गं वास हा?"

"आधी आत या. सगळं सांगते."

आत स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची आई, तानूबाई, भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसली होती. एरवी तो बाहेरगावाहून आला की तिचा पहिला प्रश्न असायचा, जेवलास का? आज तिनं मान वर केली, "आलास?" एवढंच म्हणाली आणि परत लसणात डोकं घातलं. गॅलरीच्या चिंचोळ्या जागेत जुनं लुगडं अंथरून लाल मिरच्या पसरल्या होत्या. प्रसेनजीतला ते खटकलं. मिरच्या वाळायच्या त्या गच्चीवर. गॅलरीत दिवसातनं तासभरही ऊन येत नव्हतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला सहा बिऱ्हाडांची ती इमारत. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं, एक कुरण्यांचं आणि दुसरं बसलिंगाप्पांचं. बसलिंगाप्पांनी सारी हयात गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचा व्यापार केला होता. आता मुलगा शशिधर लक्ष्मीपुरीतलं दुकान बघायचा आणि बसलिंगाप्पा इमारतीचा कारभार बघायचे. पाण्याची मोटर कधी लावायची, जिन्यातला बल्ब कुणी आणायचा, गच्चीची किल्ली कुणाकडं राहायची, सगळं त्यांच्या हातात. प्रसेनजीतच्या नव्वद कुंड्या गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याला लागून उभ्या होत्या, त्याही त्यांच्याच परवानगीनं.

या कुंड्यांत गुलाब नव्हते, मोगराही नव्हता. सगळे निवडुंग.

प्रसेनजीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होता. पाच वर्षांपूर्वी ताराबाई पार्कातल्या एका बंगल्याचा बंद पडलेला फोन दुरुस्त करायला गेला असताना त्यानं व्हरांड्यात लिंबाएवढा काटेरी गोळा बघितला. गोळ्याच्या माथ्यावर गोळ्यापेक्षा मोठं गुलाबी फूल होतं. फोन दहा मिनिटांत सुरू झाला, प्रसेनजीत मात्र तासभर तिथून हलला नाही. शेवटी बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी गोळ्याच्या बुडाला फुटलेलं एक पिल्लू कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. तिथनं जे सुरू झालं ते झालं. कालिंपाँगच्या नर्सरीतनं पोस्टानं रोपं यायला लागली. पुण्याच्या फुटपाथवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. पंचगंगेची भरड वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेला पालापाचोळा यांचं माप बसलं. कोल्हापूरच्या पावसात निवडुंग बुडापासून सडतात, हे दोन वर्षं डझनभर झाडं गमावून कळलं आणि मग दर जूनला तो बांबूवर प्लॅस्टिकचा कागद ताणून कुंड्यांवर छप्पर करायला लागला.

पण त्याचा खरा जीव होता नावांत. नाव कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या कापून तो पट्ट्या करायचा, त्यावर पेन्सिलीनं लॅटिन नाव लिहायचा आणि पट्टी कुंडीत खोचायचा. प्रत्येक कुंडीला नंबर होता आणि नंबरासमोर वहीत नाव, तारीख, फुलाचा रंग.

तानूबाईला यातलं काहीच पटत नसे. नवरा गेल्यावर ती मुरगूडहून लेकाकडं राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी गच्चीवर उभी राहून म्हणाली होती, "जल्म काटं काढण्यात गेला माझा. पायातलं काढलं, लोकांच्या बांधावरचं काढलं. आणि तू पोष्टानं काटं मागवतुयास व्हय रं?"

प्रसेनजीत हसला होता. झाडांच्या बाबतीत तिला काही विचारावं, असं त्याला कधी सुचलंच नाही.

वहीत एक्केचाळीस नंबरासमोर मात्र तीन वर्षं नुसतं प्रश्नचिन्ह होतं. ऑफिसातल्या एकानं राधानगरीकडच्या आपल्या परसातनं तोडून आणलेल्या या चार कांड्या. बोटाएवढ्या जाड, चौकोनी, हाताला मखमलीसारख्या मऊ, कडेला नुसते दातरे. कुंडी भरून फोफावल्या, पण फूल नाही आणि फूल नाही म्हणून नाव नाही. नाशिकला जाण्याआधी त्यानं ती कुंडी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं, भरपूर ऊन पडतं अशा कट्ट्यावर नेऊन ठेवली आणि विसरून गेला.

दीप्तीनं चहा ठेवता ठेवता हळू आवाजात सगळं सांगितलं. वास मंगळवारी सुरू झाला. आधी जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं, गटारीत शोधाशोध झाली. मग बसलिंगाप्पांना वाटलं, टाकीत कबूतर पडलं असणार. बुधवारी त्यांनी भरलेली टाकी रिकामी करायला लावली. माणूस आत उतरला, चारी कोपरे घासून वर आला. आत काही नव्हतं. नळाला पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, तोवर सहा बिऱ्हाडांनी बादलीबादलीवर दिवस काढला. सगळ्यांची डोकी तापली होती.

"मग बसलिंगाप्पांच्या सूनबाई, पवित्रा, आईंना जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, मावशी, वर सुकट-बिकट वाळत घातलंय का? आई म्हणाल्या, मिरच्या हायत्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण संध्याकाळी सगळे खाली जमलेले असताना बसलिंगाप्पा मोठ्यानं म्हणाले, कुणी घरात काय खायचं ते ज्याचं त्यानं बघावं, पण गच्ची सगळ्यांची आहे, तिथं असलं काही चालणार नाही. नाव नाही घेतलं त्यांनी."

"पण सगळ्यांनी आपल्याकडं बघितलं," प्रसेनजीत म्हणाला.

"आई घागर घेऊन तिथंच उभ्या होत्या. मी म्हटलं, वर चला आणि मिरच्यांशिवाय काय दिसतंय ते दाखवा. कुणी हललं नाही. रात्रीच्या आत आईंनी मिरच्या गोळा करून खाली आणल्या. मीटरच्या पेटीवर कागद लावलाय, उद्या मीटिंग आहे. गच्चीवर कुणी काहीही ठेवायचं नाही म्हणून." दीप्तीनं कप पुढं सरकवला. "आईंनी तुम्हाला सांगू नको म्हटलंय."

प्रसेनजीतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुरगूडच्या शाळेत डबा खायच्या सुट्टीत पोरं त्याच्यापासून हातभर सरकून बसायची, ते त्याला आठवलं. कितीतरी वर्षांत आठवलं नव्हतं. त्यानं चहा तसाच ठेवला आणि तो गच्चीवर गेला.

अकराचं ऊन चटचट लागत होतं. कुंड्यांच्या रांगेजवळ वास बेताचा होता, टाकीकडं जाईल तसा दाट होत गेला. मांजर मेलं असणार, असं धरून त्यानं कोपऱ्यातला झाडू हातात घेतला. टाकीत शोधणाऱ्यांपैकी कुणी तिच्यामागं डोकावलं नव्हतं. त्यानं टाकीला वळसा घातला आणि झाडू हातातच राहिला.

एक्केचाळीस नंबरच्या कुंडीतनं खाली लोंबणाऱ्या कांडीच्या टोकाला पाच पाकळ्यांची भलीमोठी चांदणी उमलली होती. पंजा पसरून वर ठेवला तरी बाहेर उरेल एवढी. फिक्कट पिवळा रंग, त्यावर किरमिजी रंगाच्या बारीक आडव्या रेषा आणि कडेनं मऊ केसांची झालर. फुलावर हिरव्या माशा घोंघावत होत्या. शेजारी अशीच एक चांदणी सुकून काळी पडली होती. आणखी दोन कळ्या फुगून मोदकाएवढ्या झाल्या होत्या. तो खाली वाकला आणि झटकन मागं सरला. वास त्या फुलालाच येत होता.

तीन वर्षं! त्याला एवढा आनंद झाला की क्षणभर खालचं सगळं तो विसरला. मग आठवलं, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. टाकी रिकामी झाली, लोकांचे हाल झाले, आईनं मान खाली घातली, आणि वास त्याच्याच कुंडीचा निघाला.

तो तसाच खाली आला आणि समोरच्या दारावर थाप मारली. बसलिंगाप्पा बाहेर आले.

"अप्पा, वर चला."

"कशाला?"

"वास कशाचा येतोय ते सापडलं. वास माझ्या कुंडीचा आहे. तुमचं पाणी गेलं, सगळ्यांना त्रास झाला, त्याची मी माफी मागतो." त्यानं श्वास घेतला. "आणि माझ्या आईनं वर काय ठेवलं होतं नि काय नव्हतं, तेही डोळ्यांनी बघा."

"कुंडीचा?" बसलिंगाप्पांनी चष्मा वर सरकवला. "झाडाला असला वास? काय तरीच बोलतोय की!"

पण ते चढले, गुडघ्यावर हात ठेवत. मागनं पवित्रा आली, नाकाला पदर लावून. तळमजल्यावरची दोन माणसंही आली. प्रसेनजीतनं वळून बघितलं तर सगळ्यांच्या मागं दीप्ती, आणि तिचा हात धरून तानूबाई. दीप्तीनं तिला कसं आणलं, ते त्याला नंतरही कळलं नाही.

बसलिंगाप्पा फुलाजवळ गेले. आधी लांबनं, मग जवळनं. मग नाक अगदी फुलाला लावलं.

"अय्यय्यो!" ते तीन पावलं मागं आले आणि खोकायला लागले. पवित्राला हसू फुटलं, पण तानूबाईकडं नजर जाताच ते ओठावरच थांबलं.  माशांचा तेवढा आवाज.

बसलिंगाप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी तानूबाईला कधी कुठल्या नावानं हाक मारली नव्हती.

"आक्का," ते म्हणाले, "मिरच्या वर आणा वाळवायला. ऊन चांगलं हाय."

"बुरसल्या की निम्म्या," तानूबाई म्हणाली.

आवाज चढला नव्हता की रडवेलाही नव्हता. ती त्यांच्या बाजूनं पुढं झाली आणि फुलासमोर उकिडवी बसली. माशा हाकलल्या. बराच वेळ फुलाच्या मध्याकडं बघत राहिली. मग तिनं शेजारची फुगलेली कळी दोन बोटांत धरली आणि दाबली. फट्‌ असा आवाज झाला.

"आई!" प्रसेनजीत ओरडला. "तीन वर्षांनी कळ्या आल्यात गं!"

"गप. हितं बघ." तिनं फुटलेली कळी नखानं उलगडून तळहातावर धरली. "मधी बघ. पाच कोनाचा मुकुट हाय का न्हाय? रुईच्या फुलात असाच असतोय. आम्ही ल्हान हुतो तवा रुईच्या कळ्या अशाच फोडायचो, कुणाची जोरात वाजती बघायला. ह्ये झाड रुईच्या भावकीतलं हाय."

"रुई? अगं, रुईला ही एवढी पानं असतात. चीक असतो." त्यानं कांडीचं टोक मोडून दाखवलं. मोडलेल्या जागी नुसतं नितळ पाणी आलं. "बघ, चीक नाही. हा निवडुंग आहे."

"भावकीत समदी एकसारखी असत्यात व्हय? आबाचं नाक बघ आणि माझं नाक बघ. पर कान आमचं एकच हायत."

आबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मुरगूडचाच; तिचं माहेर नि सासर एकाच गावातलं. त्याचं नाक कुरण्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दीप्ती हसली, मग प्रसेनजीत हसला, आणि आबाला कधी न बघितलेले बसलिंगाप्पाही हसले. तानूबाई हसली नाही. ती पुन्हा फुलाकडं वळली होती.

दुपारी प्रसेनजीतनं ते जाड पुस्तक काढलं. आजवर त्यानं त्यातला निवडुंगांचाच भाग झिजवला होता. शेवटची शंभर पानं इतर मांसल झाडांची होती. तिथं रंगीत फोटो नव्हते, म्हणून ती न वाचलेलीच राहिली होती. त्या पानांत, दोनशे ऐंशीच्या पुढं कुठंतरी, रेघांच्या चित्रात त्याला ती चांदणी सापडली. स्टॅपेलिया जायगँटिया. निवडुंग नव्हेच. आणि त्याच कुळातल्या झाडांच्या यादीत एक नाव होतं, कॅलोट्रॉपिस.

 कॅलोट्रॉपिस म्हणजे रुई. बारावीच्या जर्नलमध्ये त्यानं स्वतः रुईचं फूल उभं कापून त्याचं चित्र काढलं होतं, मधल्या मुकुटाला बाण दाखवून नाव दिलं होतं. त्याला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. आणि तोच मुकुट समोर पंजाएवढ्या फुलात उमलला, तर त्याला ओळखू आला नाही.

त्यानं आईला सगळं वाचून दाखवलं. वास का येतो, तेही. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, रखरखीत मुलखातलं. तिथं मेलेल्या जनावरांवर बसणाऱ्या माशाच त्याचं परागीकरण करतात, म्हणून त्यांना बोलवायला तो वास.

"माशांस्नी बोलवायला?" तानूबाईनं विचार केला. "मग त्येचं तरी काय चुकलं?"

रविवारी मीटिंग झाली नाही. मीटरच्या पेटीवरचा कागद सकाळीच कुणीतरी काढलेला होता. प्रसेनजीतनंही आपणहून एक केलं. एक्केचाळीस नंबरची कुंडी पोत्यात घालून स्कूटरवरनं एक्स्चेंजच्या मागच्या आवारात नेऊन ठेवली. उरलेली कळी तिथं उमलली आणि बॅटरी रूममधल्या लोकांनी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या. बहर संपला की कुंडी घरी, कळ्या धरल्या की ऑफिसात, असा तिचा पुढं नेमच ठरला.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात बसलिंगाप्पा उभे, हातात कापडी पिशवी. शशिधरला सांगून त्यांनी गडहिंग्लजहून खास संकेश्वरी मिरची मागवली होती. लांब, सुरकुतलेली, गर्द लाल.

"आक्का आहेत का?"

तानूबाई बाहेर आली. त्यांनी पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"मी त्या दिवशी बोलायला नको होतं," बसलिंगाप्पा म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते, पिशवीकडं बघत होते.

"व्हय. नको हुतं," तानूबाई म्हणाली.

 प्रसेनजीतला मध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं, पण दीप्तीनं त्याचा शर्ट मागनं ओढला. मग तानूबाई आत गेली, सूप घेऊन आली, दारातच बसली आणि पिशवीतनं ओंजळी ओंजळीनं मिरच्या सुपात काढायला लागली. निम्म्यावर येताच थांबली.

"माझ्या बुरसल्या तेवढ्याच घेतो. बाकी तुमच्या तुम्ही न्या." मग एक मिरची उचलून तिनं देठाशी मोडली, हुंगली. "चांगली हाय. तुमच्या हाताखालची हाय का?"

"चाळीस वर्षं हेच केलंय की," बसलिंगाप्पा म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. "वासावरनं गाव सांगतो मी."

"सुकटीचा वास मातूर वळखला न्हाईसा."

बसलिंगाप्पा क्षणभर गोरेमोरे झाले. मग मान हलवून म्हणाले, "न्हाय वळखला."

दीप्तीनं चहा टाकला. ते जरा घुटमळले, मग चपला काढून आत आले आणि खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत ते या घरात पहिल्यांदा बसत होते. चहा त्यांनी बशीत ओतून सगळा संपवला.

त्यानंतर तानूबाई रोज दुपारी गच्चीवर यायला लागली. मिरच्या राखायला येते म्हणायची, पण बसायची ती कुंड्यांजवळ. सुट्टीच्या दिवशी प्रसेनजीत जुन्या टूथब्रशनं खोडांवरची पांढरी कीड काढत असायचा, ती बघत राहायची. एकदा तेरा नंबरच्या उंच काटेरी झाडाकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्ये बी तुझं निवडुंग न्हवं. कुंपणाला लावत्यात त्या शेराच्या जातीचं दिसतंय."

त्यानं दाभणानं हलकेच टोचलं. पांढराशुभ्र चीक भळकन बाहेर आला. त्यानं भिंगातनं काट्यांचं बूड बघितलं. खऱ्या निवडुंगाचा काटा लोकरीसारख्या बारीक गादीतनं उगवतो, इथं गादी नव्हती. चार वर्षं त्या कुंडीत चुकीची पट्टी होती. त्यानं ती उपटली आणि दुसरी लिहायला घेतली.

"तुला कसं कळलं?"

"बघितलं म्हणून कळलं. आणि कसं कळंल?" मग ती म्हणाली, "तुझ्या त्या वासाच्या झाडाचं भाऊबंद आमच्या माळावर बी हायत. माकडशिंगी. गुरं राखताना आम्ही खायचो."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मायलेकरं सकाळच्या एस.टी.नं मुरगूडला गेली. आबानं चहा दिला, जेवायला वेळेवर या म्हणून बजावलं, आणि दोघं गावामागच्या माळाला लागली. राजारामपुरीतल्या जिन्यात कठडा धरून चढणारी तानूबाई इथं चपला हातात घेऊन पुढं चालत होती.

"काटे बोचतील, आई."

"वळखत्यात मला," ती मागं न बघता म्हणाली.

माळ तिच्या आठवणीतला राहिला नव्हता. एका अंगाला खडीची खाण पडली होती, दुसऱ्या अंगाला मोटरनं पाणी चढवून ऊस केला होता. जिथं जिथं म्हणून ती गेली, तिथं काही मिळालं नाही. घाणेरीच्या झुडपांत, दगडांच्या कपारीत, ओघळीच्या काठानं तास-दीड तास शोधून झालं. तिची चाल मंदावली. प्रसेनजीतला वाटलं, आता चला म्हणावं. तेवढ्यात ती एका बोरीच्या जाळीपाशी वाकली, हातानं फांदी वर धरली आणि तशीच उभी राहिली.

"ये हिकडं."

जाळीच्या सावलीत, खडकाच्या फटीत, करंगळीएवढ्या बारीक चौकोनी कांड्यांचा झुबका होता. राखट हिरवा, दातरे तसेच. टोकांना गव्हाच्या दाण्याएवढी जांभळट फुलं. प्रसेनजीत गुडघ्यांवर बसला, खिशातलं भिंग काढून फुलावर धरलं. मध्ये पाच कोनांचा मुकुट होता.

त्यानं पिशवीतनं खुरपं काढलं.

"बुडका ऱ्हाऊ दे," तानूबाई म्हणाली. "वितभर कांडी घे, पुरती. मागल्या माणसाला नको व्हय?"

त्यानं एक कांडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली. तिनं दुसरी मोडली, पदरानं पुसली, निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली आणि निम्मी त्याच्यापुढं धरली. दोघं खडकावर बसून चावत राहिली.

"दिस उगवताना गुरं घिऊन यायचो आम्ही. गुरं बी लोकांचीच. भाकरी दुपारपतोर संपायची. मग ह्ये. मीठ पदराला बांधून आणायचो," ती म्हणाली. मग विचारलं, "कसं लागतंय?"

"आंबट. मागनं तुरट."

"मग लिव की त्ये. तुझ्या बुकात न्हाय ते."

त्यानं वही काढली. माकडशिंगी, मुरगूडचा माळ, बोरीच्या सावलीत, खडकात. फूल जांभळट. चव आंबट, नंतर तुरट. ओळख पटवली: तानूबाई कुरणे. त्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तिनं मान हलवली.

"म्हायेरचं नाव घाल. ह्ये वळखायला शिकलो तवा मी कुरण्यांची न्हवतो."

त्यानं ओळ खोडली आणि लिहिलं, तानू शिंगे. मग त्यानं विचारलं, "किती वर्षांची होतीस गं तेव्हा?"

तिनं बोटं मोडत हिशेब केला. धाकटा आबा तेव्हा पाठीवर बांधलेला असायचा, त्यावरनं.

"असंल आठ."

तेही त्यानं लिहून घेतलं. खाली गावात आबाच्या घरावर धूर दिसत होता. जेवायची वेळ झाली होती. तानूबाईनं पायाखालची एक बारकी पानांची वेल उचलून त्याच्या हातात दिली, तिचं नाव सांगितलं, मग पुढच्या झुडपाचं, मग त्यापुढच्या गवताचं, आणि प्रसेनजीत उघडी वही हातात धरून तिच्यामागं माळ उतरायला लागला.